यूकेत मेडिसिनचा अर्ज: चार जागा कशा निवडल्यात?

अबोली_लेस्टर | २० सप्टेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. लेक इयर थर्टीनला (शाळेच्या शेवटच्या वर्षाला) आहे आणि तिला मेडिसिनला जायचंय. हे खूळ आमचं नाही, तिचंच आहे, आठवीपासूनचं. ऑगस्टच्या शेवटी युकॅट (मेडिसिनची प्रवेश परीक्षा) दिली. परीक्षा संपल्यावर गुणांचा कागद तिथेच हातात देतात. मी गाडीत बसले होते. ही आली ती कागदाची चौघडी करून मुठीत धरलेली. पट्टा लावला आणि म्हणाली, "आई, आधी घरी चल."

गुण वाईट नाहीत. यंदाच्या तात्पुरत्या आकड्यांप्रमाणे सहाव्या डेसाइलच्या आसपास, म्हणजे साधारण साठ टक्के मुलं मागे. सिच्युएशनल जजमेंटमध्ये (प्रसंगात कसं वागाल, त्या भागात) बँड २, बँड १ सगळ्यात वरचा. जीसीएसई (सोळाव्या वर्षीची शालान्त परीक्षा) मात्र फार छान आहेत, आठ विषयांत ९, म्हणजे सर्वोच्च, आणि दोनांत ८. ए-लेव्हलला (शाळेच्या शेवटच्या परीक्षेला) केमिस्ट्री, बायॉलॉजी, मॅथ्स. शाळेचा अंदाज ए-स्टार, ए, ए.

आता घरात चार तोंडं चार दिशांना. नवरा म्हणतो अर्ज करायचाच तर नावाजलेल्या ठिकाणी कर. शाळेतल्या बाई म्हणतात जीसीएसईला वजन देणारी विद्यापीठं शोधा. नाशिकचा भाऊ म्हणतो वर्षभर थांबा, पुन्हा युकॅट द्या. सासूबाई रोज फोनवर विचारतात, "मग कुठलं कॉलेज मिळालं?" अजून अर्जच गेलेला नाही हे त्यांना कितीदा सांगू!

यूकासवर (विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक अर्जात) मेडिसिनच्या चारच जागा भरता येतात, पाचवी दुसऱ्या विषयाची. शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा. शाळेला त्याआधी रेफरन्स लिहायचा असतो, म्हणून त्यांनी ३ ऑक्टोबर दिली आहे. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी सांगा, चार जागा कशा निवडल्यात? पाचवी भरलीत की रिकामी ठेवलीत?

शेवंती | २० सप्टेंबर, रात्री १०.०२

वाचते आहे. धाकटा इयर टेनला आहे, आमची पाळी येतेच आहे.

चिंच_गूळ | २० सप्टेंबर, रात्री १०.५५

अबोली, नवऱ्याला माझ्यातर्फे सांग, मेडिसिनमध्ये नाव बघायचं नसतं. कायद्याला, अर्थशास्त्राला बघतात तसं इथे चालत नाही. पदवी देणाऱ्या प्रत्येक मेडिकल स्कूलवर जीएमसीची (जनरल मेडिकल कौन्सिलची) नजर असते, आणि शेवटी मेडिकल लायसेन्सिंग असेसमेंट सगळ्यांनाच द्यावी लागते. पदवीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांची, म्हणजे फाउंडेशनची, नेमणूक २०२४ पासून संगणक क्रमांक काढून करतो. मूल कुठून शिकून आलं ते त्यात बघतच नाहीत. माझी मुलगी चौथ्या वर्षाला आहे. वॉर्डात आजवर एकाही पेशंटने तिला "कुठलं कॉलेज?" असं विचारलेलं नाही. "चहा मिळेल का?" असं मात्र रोज विचारतात.

बघायचं ते हे, की मुलाखतीला बोलावताना ते विद्यापीठ कशाकडे बघतं. ब्रिस्टल गेली काही वर्षं मुलाखतीची निवड निव्वळ युकॅटवर करतं. सहाव्या डेसाइलने तिथे एक जागा टाकणं म्हणजे ती फुकट घालवणं. उलट कार्डिफ किंवा बेलफास्टचं क्वीन्स जीसीएसईला गुण देतात. तुझ्या लेकीची ताकद तिथे आहे. धोरण दर वर्षी बदलतं, म्हणून प्रत्येकाच्या संकेतस्थळावरचं यंदाचं पान वाचा. गेल्या वर्षी कोणी सांगितलं होतं त्यावर जाऊ नका.

रातराणी_०७ | २१ सप्टेंबर, सकाळी ७.३०

चिंच_गूळ काकूंना पूर्ण अनुमोदन. मी तिसऱ्या वर्षाला आहे, पण दुसऱ्या खेपेला लागले. पहिल्या खेपेला चारही जागा युकॅटला धरून निवडणाऱ्या भरल्या होत्या, कारण मैत्रिणींनी त्याच भरल्या होत्या. चारही ठिकाणांहून मुलाखतीशिवायच नकार. शेवटचा फेब्रुवारीत आला, मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये होते. अंगात पांढरा कोट, हातात ब्युरेट, आणि खिशात फोन थरथरला. टायट्रेशन पूर्ण करून मग वाचला.

एक गोष्ट कळकळीने सांगते. इंटरनेटवर गेल्या वर्षांचे कटऑफ फिरतात, यंदा ते जसेच्या तसे लावू नका. २०२५ पासून युकॅटमधून अॅब्स्ट्रॅक्ट रीझनिंग, म्हणजे ते आकृत्यांचं प्रकरण, काढून टाकलंय. पूर्वी एकूण ३६०० पैकी गुण असायचे, आता २७०० पैकी. त्यामुळे "अमुक ठिकाणी २७५० लागले होते" या वाक्याला यंदा काही अर्थ उरलेला नाही. गुण सोडा, डेसाइलला डेसाइल लावून बघा.

दुसरं, बीमॅट ही मेडिसिनची दुसरी प्रवेश परीक्षा २०२३ नंतर बंद झाली. ऑक्सफर्ड, केंब्रिज, इम्पीरियल, यूसीएल, लीड्स हे सगळे आता युकॅटवर आले आहेत. पूर्वी बीमॅटकडे वळणारी हुशार मुलंही आता याच रांगेत असतात.

थांबायचं की नाही ते तिला ठरवू द्या. युकॅटचे गुण त्याच वर्षापुरते चालतात, पुढच्या वर्षी पुन्हा द्यावी लागते. माझं ते वर्ष वाया गेलं नाही. हॉस्पिटलात हेल्थकेअर असिस्टंट म्हणून काम केलं, अंथरुणं बदलली, रात्रपाळ्या केल्या. पण मला थांबावं लागलं होतं. हातात बरी कार्डं असताना आपणहून थांबणं वेगळं.

अबोली_लेस्टर | २१ सप्टेंबर, दुपारी १.१५

रातराणी, ब्युरेटचं वाचून पोटात कालवलं गं. डेसाइलचा मुद्दा मला माहीतच नव्हता, आम्ही जुन्याच आकड्यांचा तक्ता करत बसलो होतो. आज पुसून नवा केला.

मीठभाकर | २१ सप्टेंबर, रात्री ८.२०

थोडं विषयाला सोडून वाटेल, पण व्हिसावर असलेल्या प्रत्येक मराठी घराने हे वाचावं म्हणून लिहितो.

आम्ही २० सप्टेंबर २०१९ ला पुण्याहून इथे आलो, स्किल्ड व्हिसावर (तेव्हा त्याला टिअर टू म्हणत). मुलगा तेरा वर्षांचा होता. जीसीएसई इथे, ए-लेव्हल इथे. २०२४ च्या प्रवेशासाठी मेडिसिनची ऑफर मिळाली, निकालही हवा तसा आला. मिठाई वाटली. मग विद्यापीठाकडून फीच्या दर्जाचा फॉर्म आला.

नियम असा आहे: होम फी (इथल्या विद्यार्थ्यांची कमी फी) हवी तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी तुमच्याकडे आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) किंवा नागरिकत्व हवं, शिवाय त्याआधीची तीन वर्षं इथे वास्तव्य हवं. शरद ऋतूत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना तो दिवस १ सप्टेंबर धरतात. वर्ग २३ तारखेला सुरू होत असले तरी १ सप्टेंबरच. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या २८ दिवस आधी आयएलआरचा अर्ज करता येतो, म्हणजे आम्हाला २३ ऑगस्ट. त्याच दिवशी केला. जलद सेवेची वेळ मिळाली नाही. आयएलआर हातात आली ९ ऑक्टोबरला.

पाच आठवडे आणि काही दिवस. तेवढ्यासाठी मुलगा परदेशी विद्यार्थी ठरला. होम फी तेव्हा वर्षाला ९,२५० पौंड होती (२०२५-२६ ला ९,५३५ आहे). परदेशी फी त्या ठिकाणी चाळीस हजारांच्या वर. पाच वर्षं. आम्ही दोघं रात्रभर वहीत आकडे मांडत बसलो. घर गहाण टाकून पहिली दोन वर्षं निघत होती, पुढचं काही दिसत नव्हतं. मुलगा जिन्यात बसून ऐकत होता हे सकाळी कळलं. तोच म्हणाला, "बाबा, मी वर्षभर थांबतो."

जागा सोडली. पुन्हा युकॅट, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखती. दुसऱ्या विद्यापीठात मिळाली, उद्या त्याचा पहिला दिवस आहे. आज गाडीत सामान भरून सोडून आलो. कुकर न्यायला तयार नव्हता, शेवटी नेला.

व्हिसावर असाल तर इयर टेनमध्येच तारखा मांडा. यूकेसीआयएसए (UKCISA) नावाची संस्था आहे, परदेशी विद्यार्थ्यांच्या फीविषयीचे नियम तिच्या संकेतस्थळावर नीट दिले आहेत. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड, चौघांचे नियम वेगळे आहेत. विद्यापीठाकडून फीचा दर्जा लेखी घ्या.

शेवंती | २१ सप्टेंबर, रात्री ८.४१

दादा, डोळे भरून आले. लेकाला खूप शुभेच्छा. आमची आयएलआर २०२७ च्या ऑगस्टमध्ये बसते आणि धाकटा २०२९ ला जाईल. आत्ताच नवऱ्याला तारखा तपासायला बसवलंय.

पर्वती_पायथा | २२ सप्टेंबर, सकाळी ११.१०

आम्ही पुण्यात आहोत. मुलगा बारावी एचएससी करतोय, सोबत नीटची तयारी. एका एजंटने सांगितलं की यूकेत मेडिकलची जागा "पक्की" करून देतो, फक्त नोंदणीचे पैसे आधी भरा. कोणाला अनुभव आहे का?

पाऊलवाट | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ६.०५

पर्वती_पायथा, पैसे भरू नका. मी इथे सव्वीस वर्षं डॉक्टर आहे, त्यातली नऊ वर्षं एका मेडिकल स्कूलच्या मुलाखतींना बसतो. जागा पक्की करून देणारा माणूस या देशात अस्तित्वात नाही. यूकासचा अर्ज मुलगा स्वतः करू शकतो, युकॅट भारतातल्या केंद्रावर देता येते. यूकेबाहेर तिची फी ११५ पौंड आहे, इथे ७०. सरावाच्या प्रश्नपेढ्या आणि पूर्ण चाचण्या युकॅटच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मुलाने आधी त्या संपवाव्यात, क्लासचा विचार नंतर.

आता जरा कठीण बोलतो. परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्लंडमध्ये जागांवर मर्यादा आहे, शंभरात सात-आठ. फी वर्षाला साधारण चाळीस ते साठ हजार पौंड, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. महाराष्ट्र बोर्डाची बारावी कित्येक मेडिकल स्कूल थेट धरत नाहीत. कुठे सीबीएसई-आयएससी चालतं, कुठे ए-लेव्हल किंवा आयबीच लागतं. प्रत्येकाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. आणि मुलाला पुढे भारतात प्रॅक्टिस करायची शक्यता असेल तर नीट पात्र असणं लागतंच, परदेशी शिकला तरी. म्हणून नीटचा अभ्यास काही झालं तरी सोडू नये.

पर्वती_पायथा | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ६.३०

डॉक्टर, मनापासून आभार. उद्या चेक द्यायचा होता. नीटवरच लक्ष देतो.

गिरगावकरीण | २२ सप्टेंबर, रात्री ११.१५

अवांतर होईल, पण राहवत नाही. "मुलींनी तिकडे जाऊन डॉक्टर होणं" या वाटेची सुरुवात आपल्या मुंबईशी जोडलेली आहे.

१८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात मेडिसिनला पहिल्यांदा बायकांना प्रवेश मिळाला, त्या सात जणी. त्यातली एडिथ पीची केमिस्ट्रीत इतकी पुढे होती की होप शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती, पण बाई म्हणून ती तिच्या हातून काढून खालच्या क्रमांकाच्या मुलाला दिली. १८ नोव्हेंबर १८७० ला त्या परीक्षेला निघाल्या तर सर्जन्स हॉलच्या दारात जमावाने चिखलफेक करून वाट अडवली. विद्यापीठाने शेवटपर्यंत त्यांना पदवी दिली नाही. दिली ती २०१९ मध्ये, साती जणी जाऊन कित्येक दशकं लोटल्यावर.

हीच एडिथ पीची पुढे मुंबईला आली आणि कामा हॉस्पिटलची प्रमुख डॉक्टर झाली. आणि तिने पाठबळ दिलं आपल्या रखमाबाईला! बालपणी लावलेलं लग्न नाकारून नवऱ्याविरुद्ध कोर्टात उभी राहिलेली ती रखमाबाई. १८८९ मध्ये ती लंडनला गेली, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकली आणि परत येऊन सुरतेला, मग राजकोटला आयुष्यभर बायकांची डॉक्टर राहिली. कामा हॉस्पिटलवरून जाते तेव्हा दर वेळी माझ्या मनात या दोघी येतात. अबोली, लेकीला ही गोष्ट जरूर सांग.

अबोली_लेस्टर | २३ सप्टेंबर, सकाळी ८.००

गिरगावकरीण ताई, सांगितली. शिष्यवृत्तीचं ऐकून ती इतकी चिडली की नाश्ता तसाच राहिला.

कातरवेळ | २४ सप्टेंबर, पहाटे ४.५०

रात्रपाळीवरून लिहितोय. मी रेसिडेंट डॉक्टर आहे, इथेच शिकलो. उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण पालकांना पुढचं चित्र माहीत असावं. फाउंडेशनची दोन वर्षं झाली की स्पेशालिटी ट्रेनिंगसाठी पुन्हा रांग असते. यंदा साधारण दहा हजार जागांना तीस हजारांहून जास्त अर्जदार होते. माझ्या बॅचमधले चांगले चांगले मित्र या ऑगस्टपासून हंगामी ड्यूट्या शोधत फिरतायत. "एकदा मेडिसिनला लागलं की आयुष्याची चिंता मिटली" हे आपल्या समाजातलं वाक्य आता खरं नाही.

पाऊलवाट | २४ सप्टेंबर, दुपारी १२.४०

कातरवेळ, आकडे बरोबर आहेत आणि तुमच्या पिढीवर अन्याय होतोय हेही मान्य. पण त्यावरून सतरा वर्षांच्या मुलीने अर्ज करू नये असं मी म्हणणार नाही. तिला वैद्यक सोडून काही सुचत नसेल तर तिने अर्ज करावा, हे सगळं माहीत असताना करावा. मुलाखतीत हा प्रश्न येऊ शकतो. "मला लोकांना मदत करायची आहे" यावर थांबलेलं मूल आणि "रोटा (ड्यूट्यांचं वेळापत्रक) कसा असतो ते मी वॉर्डातल्या नर्सला विचारलं, तिने असं सांगितलं" म्हणणारं मूल यात आम्हाला लगेच फरक कळतो.

कातरवेळ | २४ सप्टेंबर, संध्याकाळी ७.१५

झोप झाल्यावर पुन्हा वाचलं. पटलं. अबोली ताई, लेकीला कधी काही विचारायचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप करू दे, सुट्टीच्या दिवशी नक्की बोलेन.

चिंच_गूळ | २५ सप्टेंबर, सकाळी १०.२०

पाचव्या जागेचं राहून गेलं की! आम्ही बायोमेडिकल सायन्स भरलं होतं, आणि लेकीला खरंच तो विषय आवडत होता म्हणून. तिथे जायची तयारी नसेल तर ऑफर येऊनही उपयोग नाही. पदवीनंतर चार वर्षांचं ग्रॅज्युएट एंट्री मेडिसिन असतं, पण तिथली चढाओढ याहून जास्त आहे. तो जवळचा रस्ता समजून कोणी बायोमेडला जाऊ नये.

अबोली_लेस्टर | ३ ऑक्टोबर, रात्री ११.०५

आज शाळेकडे अर्ज गेला. चार जागा तिने ठरवल्या. दोन जीसीएसई बघणाऱ्या, एक सगळ्याचा मिळून विचार करणारी, एक बाबांच्या आवडीची. नावं लिहू नकोस असं तिने बजावलंय. पाचवी रिकामी. बाबांना कसं पटलं? रातराणीचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, तक्ता पुढे ओढला आणि तीन नावं स्वतःच खोडली.

पर्सनल स्टेटमेंट यंदापासून तीन प्रश्नांत विभागलंय: हा विषय का, शिक्षणाने काय तयारी झाली, शिक्षणाबाहेर काय केलं. सगळं मिळून ४,००० अक्षरं. तिसऱ्या प्रश्नात तिने केअर होमचं लिहिलं. वर्षभर दर रविवारी जाते. तिथे एक गुजराती आजी आहेत, युगांडाहून लेस्टरला आलेल्या, आयुष्यभर दुकान चालवलेल्या. डिमेन्शियात त्यांचं इंग्रजी गेलं, गुजरातीच उरली. गिळायला त्रास, म्हणून चहात पावडर घालून तो दाट करून द्यावा लागतो. आजी कप ढकलून द्यायच्या. सगळ्यांना वाटलं, त्यांना नकोच आहे. ही जवळ बसली, मराठीच्या आधाराने जेवढं कळलं तेवढं ऐकलं. आजी म्हणत होत्या, "आ चा नथी." हा चहा नाही. चहा मधासारखा ओघळतो, त्याला चहा कोण म्हणेल! हिने नर्सला विचारून, पावडर तेवढीच ठेवून, त्यात आलं-वेलचीचा अर्क घालून दिला. आजींनी वास घेतला आणि चमच्याने अर्धा कप प्यायल्या.

पहिल्या मसुद्यात तिने हे एका ओळीत उरकलं होतं आणि उरलेल्या जागेत पदकं भरली होती. शाळेतल्या बाईंनी पदकं काढायला लावली.

पाऊलवाट | ४ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

बाईंना माझा नमस्कार सांगा.

अबोली_लेस्टर | १४ मार्च २०२६, संध्याकाळी ५.३०

धागा वर काढते आहे, कारण कितीतरी जणांनी निरोप पाठवून विचारलं.

बाबांच्या आवडीच्या ठिकाणाहून नोव्हेंबरमध्येच नकार आला, मुलाखतीशिवाय. बाकी तिन्हींनी मुलाखतीला बोलावलं. पहिली ऑनलाइन होती, ती बिघडली. एमएमआयमध्ये (एकामागून एक छोट्या मुलाखती) प्रत्येक खोलीला काही मिनिटंच असतात. दुसऱ्या प्रश्नावर ती अडली आणि पुढचे तिन्ही त्याच काळजीत गेले. जानेवारीत नकार.

त्यानंतर रातराणी आणि कातरवेळ दोघांनी तिचा सराव घेतला. कातरवेळने तर रात्रपाळीच्या आधी तासभर दिला. एकच गोष्ट तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतली: दार बंद झालं की मागची खोली संपली, पुढच्या दारावरचा कागद वाच. घरी आम्ही हे जेवणघर, हॉल, जिना अशा तीन ठिकाणी उभं राहून करायचो. मी चिडलेली शेजारीण व्हायचे, बाबा घाबरलेला पेशंट. बाबा फारच मनापासून घाबरायचे.

दुसरी मुलाखत तिथे जाऊन होती. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "एका खोलीत मी चुकले. मग दार बंद केलं." काल सकाळी ऑफर आली, ए-ए-ए. तिसऱ्याचं उत्तर अजून यायचंय.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि विचारलं, "म्हणजे आता झाली ना डॉक्टर?" त्यांना म्हटलं, आधी ऑगस्टमधला निकाल यायचाय. मॉकला केमिस्ट्रीत बी आला आहे. आत्ता ती वरच्या खोलीत जुने पेपर सोडवत बसली आहे, इलेक्ट्रोड पोटेन्शियल अजून पक्कं होत नाहीये. कोणाकडे त्याच्या चांगल्या नोट्स असतील तर कृपया सांगा.

रातराणी_०७ | १४ मार्च २०२६, संध्याकाळी ५.४४

काकू!!! अभिनंदन!! माझी वही आहे, आज रात्री फोटो काढून पाठवते.

मीठभाकर | १४ मार्च २०२६, संध्याकाळी ६.२०

खूप आनंद झाला. आमचा या आठवड्यात पहिल्यांदा वॉर्डात गेला. कुकर रोज वापरतो म्हणे.